इथल्या हातचं दप्तर

हर्षितने काउंटरवर दोन दप्तरं शेजारी शेजारी ठेवली. एक दर्शनाच्या गाळ्यात शिवलेलं, निळं, जाड कापडाचं. दुसरं मोबाइलवरून मागवलेलं, चकचकीत, पुढे कुठल्याशा उड्या मारणाऱ्या प्राण्याचं चित्र असलेलं. दोन्हींच्या किमतीच्या चिठ्ठ्यांवर त्याने बोट ठेवलं.

"काकी, पप्पांच्या वेळी लोक बॅग ओढून बघायचे," तो म्हणाला. "आता फोटो बघतात."

डोंबिवलीत मानपाडा रोडवरचं हे स्टेशनरीचं दुकान म्हणजे दर्शनाच्या नवऱ्याचं, जगन तांबेचं पहिलं गिऱ्हाईक. दरवर्षी एप्रिल लागला की हर्षितचे वडील स्वतः फोन करून दोनशे दप्तरं मागवायचे. यंदा हर्षित म्हणाला, वीस ठेवून जा, खपली तर बघू. त्याच्या मनात खोट नव्हती. त्याचंच दुकान दुपारच्या वेळी ओस पडलेलं होतं. एमआयडीसीतल्या दोन-तीन कंपन्यांनी शिफ्टा कमी केल्या होत्या, काही कंपन्या इथून हलवणार अशी बोलवा होती, आणि ज्यांच्या नोकऱ्या शाबूत होत्या तेही हात आखडूनच होते. मुलांचं मागच्या वर्षीचं दप्तर साबणाने धुऊन यंदाही चालवायचं, असं घराघरात ठरत होतं.

दर्शना उरलेला गठ्ठा रिक्षात घालून परत आली. त्यांचा गाळा एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत होता. वर पत्रा, आत चार मशिनी, त्यांतल्या दोनच चालू. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि त्यांच्याखाली तीन वर्षांपूर्वी लागलेला जगनचा फोटो. शेजारच्या गाळ्यात पत्र्याच्या पेट्या व्हायच्या. त्यालाही गणपतीपासून कुलूप होतं. गाळ्यात शिरणारी दर्शना आणि तिच्या हातातला गठ्ठा हरिहरने एकदाच पाहिला, आणि काही न विचारता मशीन थांबवून तो चहा टाकायला उठला.

हरिहर मूळचा बिहारमधला, मधुबनीकडचा. सोळाव्या वर्षी तो ठाण्यात आला आणि कोपरीतल्या एका शेठच्या कारखान्यात बॅगा शिवायला लागला. शेजारच्या मशीनवर जगन बसायचा. दोघांनी एकाच डब्यात जेवून सात वर्षं काढली. जगनने स्वतःचा गाळा घ्यायचं ठरवलं तेव्हा त्याच्याकडे एक जुनी मशीन होती आणि सोबतीला हरिहर होता, बाकी काही नव्हतं. माणगावहून लग्न होऊन दर्शना डोंबिवलीत आली, त्याच्या दोन वर्षं आधीपासून हरिहर इथे राहत होता. भाजी कुठे स्वस्त मिळते, पाणी किती वाजता येतं, पावसाळ्यात कुठल्या रस्त्याने जायचं नाही, हे नव्या नवरीला त्यानेच सांगितलं होतं. तेव्हापासून तो तिला वहिनी म्हणायचा आणि ती त्याला हरिहरभाऊ.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत जगन आठ दिवसांत गेला. तेव्हा माणगावहून कुणाला येता आलं नव्हतं. स्मशानात दर्शना, तिची मुलगी प्रीती आणि हरिहर, एवढे तिघेच. परत आल्यावर हरिहर गाळ्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला कुलूप उघडून कामाला लागला. दर्शनाला कापणी यायची, माल आणणं-पोचवणं यायचं, शिवण मात्र सरळ रेषेपुरती. दप्तराचं बुड हे खरं अवघड काम. तिथे कोपऱ्यावर कापड, फोम, अस्तर आणि कडेची पट्टी सगळंच एकदम सुईखाली येतं. घाई केली की सुई मोडते, जोर कमी पडला की महिन्याभरात कोपरा उसवतो. हरिहर तिथे आला की पायडलवरचा पाय काढायचा आणि मशीनचं चाक हाताने फिरवत एकेक टाका घालायचा. जगन असतानाही बुडं हरिहरच शिवायचा.

प्रीती ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या एका जाहिरातीच्या ऑफिसात कामाला होती. तिथली निम्मी माणसं फेब्रुवारीत काढून टाकली होती, उरलेली दुप्पट काम करत होती. त्या रविवारी ती आईबरोबर गाळ्यावर आली, परत आलेला गठ्ठा तिने पाहिला आणि म्हणाली की किमतीत आपण कधीच पुरे पडणार नाही. लोकांना आता वस्तूमागचा माणूस दाखवावा लागतो. डोंबिवलीच्या माणसाला डोंबिवलीचा अभिमान आहे ना? मग आपण त्यालाच हाक मारायची. "डोंबिवलीचं दप्तर, इथल्या हातचं" अशी चिठ्ठी प्रत्येक बॅगेला लावायची, आणि त्याखाली शिवणाऱ्याचं नाव.

"शिवणारा, हरिहर," प्रीती म्हणाली. "छान दिसेल ना काका?"

हरिहर हसला. आपलं नाव कशाला, कंपनीचं टाका, असं म्हणाला खरा, पण चिठ्ठ्या छापून आल्या तेव्हा त्याने त्यातली एक पाकिटात घालून घरी नेली. प्रीतीने मोबाइलवर त्याचा दीड मिनिटाचा व्हिडिओ काढला. त्यात तो बुडाचा कोपरा शिवताना दिसत होता, मग तयार दप्तराचा पट्टा छताच्या हुकाला अडकवून स्वतः त्याला लोंबकळताना. "तुटणार नाय, गॅरंटी," असं शेवटी आपल्या बिहारी हेलात म्हणत होता. त्याची मुलगी रुचिता महापालिकेच्या मराठी शाळेत दहावीची परीक्षा देऊन घरी बसली होती. तिने तो व्हिडिओ तिच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला. माझे पप्पा, असं वर लिहून.

शहरातल्या लोकांचा फेसबुकवर एक मोठा ग्रुप होता, तिथेही प्रीतीने व्हिडिओ टाकला. पहिल्या दिवशी लोकांनी कौतुक केलं. कुणी गाळ्याचा पत्ता विचारला, कुणी आपल्या लहानपणच्या दप्तराची आठवण सांगितली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं, हे डोंबिवलीचे हात कधीपासून झाले? त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, मराठी माणूस मिळाला नाही का शिवायला? मग हसणारे चेहरे आले. एकाने परतीच्या तिकिटाचे पैसे मी देतो म्हणून लिहिलं. प्रीती प्रत्येकाला उत्तर देत बसली, आणि जितकी उत्तरं दिली तितकी भर पडत गेली.

दर्शनाने ते सगळं एकदा वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला. हरिहरने वाचलं की नाही हे तिने विचारलं नाही. तो त्या दिवशीही नेहमीसारखाच कामाला आला होता.

तिसऱ्या दिवशी योगिनी भागवत यांचा फोन आला. त्या निवृत्त शिक्षिका. पूर्वेच्या एका मंगल कार्यालयात दरवर्षी मे महिन्यात त्या स्थानिक उद्योजक महिलांचं प्रदर्शन भरवायच्या, आणि यंदा त्यांनी दर्शनाला स्टॉल दिला होता. गावातल्या चार-पाच शाळांचे विश्वस्त प्रदर्शनाला हमखास यायचे. दर्शनाची सगळी भिस्त त्या स्टॉलवर होती. यंदाचा हंगाम असाच गेला तर गाळा सोडावा लागेल हे तिला कुणी सांगायला नको होतं.

योगिनीबाई दुसऱ्या दिवशी स्वतः गाळ्यावर आल्या. बोलणं अतिशय मऊ. आधी त्यांनी दप्तरांचं कौतुक केलं, मग तांबे म्हणजे कुठले, असं विचारलं. माणगावकडचे, एवढंच दर्शनाने सांगितलं. आडनाव ऐकल्यावर कुठले म्हणून विचारणारी माणसं तिने आयुष्यभर पाहिली होती. त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो हेही तिला ठाऊक होतं. योगिनीबाईंची नजर भिंतीवरच्या तसबिरींवरून फिरली आणि पुढचं त्यांनी विचारलं नाही.

मग त्यांनी हातातली हरिहरच्या नावाची चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"माझं स्वतःचं काही म्हणणं नाही हो, दर्शनाताई. माझ्या दृष्टीने सगळे सारखेच. पण प्रदर्शन आपल्या शहराच्या नावाने आहे, आणि आत्ताचं वातावरण तुम्ही बघताच आहात. उगाच कुणी येऊन गोंधळ घातला, तर बाकीच्या बायकांचंही नुकसान होईल. तुम्ही मालक आहात, तुमचंच नाव टाका ना. त्यात खोटं काय आहे?"

हरिहर तेव्हा कापडाचे तागे आणायला कल्याणला गेला होता. तो समोर असता तर आपण काय बोललो असतो, हा विचार दर्शनाने पुढे कितीतरी वेळा केला. त्या वेळी ती म्हणाली की विचार करून सांगते.

प्रीतीला संध्याकाळी कळलं तेव्हा ती भडकली. स्टॉल गेला खड्ड्यात, म्हणाली, काकांचं नाव काढायचं नाही. दर्शना भाकऱ्या थापत होती. ती थापतच राहिली.

"तुझी नोकरी उद्या राहील का, सांगता येतं तुला?" तिने विचारलं.

भाकरी तव्यावर टाकत ती पुढे म्हणाली,

"गाळा गेला तर त्यांचंही काम जातंच ना? मग नाव ठेवून काय करायचंय?"

हे बोलताना तिला ते अगदी खरं वाटत होतं. नव्या चिठ्ठ्या दोन दिवसांत छापून आल्या. डोंबिवलीचं दप्तर, इथल्या हातचं. शिवणारी, दर्शना तांबे.

हरिहरला सांगायचं कसं, यावर तिने रात्र घालवली आणि सकाळी काही न सांगता चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. त्याने गठ्ठ्याचा दोरा सोडला, वरची चिठ्ठी वाचली आणि रोजच्यासारखा दप्तरांना चिठ्ठ्या बांधायला बसला. दुपारपर्यंत दीडशे बांधून झाल्या. जुन्या चिठ्ठ्यांचं काय करायचं, एवढंच त्याने विचारलं. दर्शना म्हणाली, राहू द्या. त्याने त्या एका पिशवीत भरून माळ्यावर ठेवल्या.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी योगिनीबाईंचा पुन्हा फोन आला. प्रत्येक स्टॉलवर बायका आपापलं काम प्रत्यक्ष करून दाखवणार होत्या. कुणी मेंदी, कुणी पणत्या रंगवणार, कुणी पापड लाटणार. तर तुम्ही मशीन आणा आणि लोकांसमोर दप्तर शिवा, लोकांना फार आवडेल. दर्शनाने फोन ठेवला. तिचा चेहरा बघून हरिहरने विचारलं काय झालं, तेव्हा तिला सांगावंच लागलं.

त्याने मशीनवरचं दप्तर उलटं करून पुढचा खिसा पाहिला. मग म्हणाला,

"वहिनी, काळजी करू नका. मी वीस नग अर्धे करून ठेवतो. बुड, पट्टे, चेन, सगळं लावलेलं. तुम्ही फक्त पुढच्या खिशाची सरळ शिवण मारा. लोकांना काय कळणार नाय."

दोन दिवस तो त्या वीस दप्तरांवर बसला. पुढच्या खिशाची तेवढी एक शिवण त्याने मोकळी ठेवली आणि ती कुठून कुठे मारायची त्या ठिकाणी पांढऱ्या खडूने रेघ ओढली. शेवटच्या संध्याकाळी त्याने दर्शनाला मशीनवर बसवलं, स्वतः बाजूला उभा राहिला आणि तिच्याकडून सात-आठ वेळा तीच शिवण मारून घेतली. खांदे सैल सोडा, म्हणाला. सुईकडे बघू नका, रेघेकडे बघा. शिकवताना त्याचा आवाज पूर्वी गाळ्यात जगन शिकाऊ पोरांशी बोलायचा तसा होता. दर्शनाने मान खाली घालून पुन्हा रेघ धरली.

प्रदर्शनाच्या दिवशी मशीन टेम्पोतून नेण्यापासून मांडण्यापर्यंत सगळं हरिहरने केलं. मशीनला तेल दिलं, दोन टाके घालून बघितले, आणि गर्दी व्हायच्या आधी मी बाहेर टेम्पोपाशी थांबतो, म्हणून निघून गेला. दिवसभर दर्शना रेघेवरून शिवण मारत राहिली. बायका भोवती उभ्या राहायच्या, मुलांना दाखवायच्या, बघ, मावशी कसं शिवते. कुणीतरी बुडाचे कोपरे चाचपून बघितले आणि इतकं बारीक काम तुम्ही एकट्या करता, असं विचारलं. दर्शनाने मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दुपारी पश्चिमेकडच्या एका शिक्षणसंस्थेचे विश्वस्त आले. त्यांनी दप्तर उलटसुलट करून पाहिलं, पट्टा ओढून पाहिला, चिठ्ठी मोठ्याने वाचली. आपल्या शहरातली भगिनी, आपल्या शहरातलं काम, आपण नाही तर कोण उभं करणार, असं बरोबरच्यांना म्हणाले. शाळा उघडायच्या आत सहाशे दप्तरं हवी होती, आणि जुलैमध्ये आणखी तीनशे. दर्शना बाहेर टेम्पोपाशी ही बातमी सांगायला गेली. हरिहर टेम्पोच्या सावलीत चटईवर बसून डबा खात होता. सहाशे ऐकून तो उठून उभा राहिला, खरकटा हात तसाच धरून.

"जगनभाऊ असते तर नाचले असते," तो म्हणाला.

पुढचा महिना कसा गेला ते कळलं नाही. हरिहर सकाळी आठला यायचा आणि दिवेलागणीनंतर जायचा. मदतीला दोन बायका घेतल्या होत्या, त्या चेन आणि पट्टे बघायच्या. बुडं सगळी हरिहरची. एकदा संस्थेची माणसं काम बघायला आणि फोटो काढायला येणार होती, त्या दिवशी त्याने आपणहून सुट्टी मागितली. रुचिताचा दाखला काढायचा आहे, म्हणाला. दर्शनाने हो म्हटलं. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सहाशेवं दप्तर झालं. टेम्पो भरून गेला, बायका घरी गेल्या. हरिहरने मशिनी पुसल्या, त्यांच्यावर कापड घातलं. मग स्टूल ओढून दर्शनासमोर बसला. एरवी तो असा समोर कधी बसायचा नाही.

त्याने सांगितलं की तो इंदूरला चालला आहे. त्याच्या मेहुण्याचा तिथे बॅगांचा कारखाना होता, आणि तीन-चार वर्षं तो बोलावत होता. आजवर हरिहर नाही म्हणत आला होता. आपलं सगळं इथेच आहे, असं मेहुण्याला आणि बायकोला सांगत आला होता. आता खोली सोडायची ठरवली आहे, रुचिताला तिकडेच अकरावीला घालणार.

दर्शना म्हणाली, पण ती मराठी शाळेत शिकलेली, तिकडे तिचं कसं होणार? हे बोलल्यावर आपण कशाबद्दल बोलतो आहोत हे तिचं तिलाच उमगलं.

"मी चिठ्ठ्या बदलते, हरिहरभाऊ. जुलैच्या तीनशेवर तुमचं नाव टाकते. कोण काय म्हणेल ते म्हणू दे."

"आता नको वहिनी. आता खपतायत." त्याने स्टूल जरा पुढे ओढलं. "नाव काढलंत त्याचं मला खरंच काही नाही. मी कधी नावासाठी शिवलं नाय. कोपरीत पण शेठचंच नाव असायचं. पण रुचिताने ते सगळं वाचलेलं, तिच्या मोबाइलवर. तेव्हा ती काय बोलली नाही. मग नवीन चिठ्ठी बघितली तिने. मला विचारलं, पप्पा, आपण इथले नाही का?"

बाहेर कुठल्यातरी कंपनीचा भोंगा झाला.

"त्या लोकांचं मी तिला समजावलं असतं, वहिनी. ते आपल्याला ओळखत नाहीत. पण चिठ्ठी तर आपल्या गाळ्यातली होती. मला उत्तर आलं नाय."

दर्शनाला बोलायचं होतं. गाळा वाचवायला केलं, तुमच्यासाठीही केलं, असं काहीतरी तिच्या ओठांवर आलं, आणि ते खरं असूनही तिला बोलता येईना. तिने फक्त विचारलं, कधी निघताय. शनिवारी, तो म्हणाला.

शनिवारी ती आणि प्रीती त्याच्या खोलीवर गेल्या. पिसवलीच्या चाळीत सामान बांधून दारात ठेवलेलं होतं. हरिहरच्या बायकोने दोघींना पाणी दिलं. रुचिता आतल्या पलंगावर पाठ करून बसली होती. प्रीतीने तिच्या शेजारी बसून काहीतरी विचारलं, तिने मान खाली घालून एका शब्दाचं उत्तर दिलं. दर्शनाने तिच्यासाठी ड्रेसचं कापड आणि पुस्तकांना म्हणून एक पाकीट आणलं होतं, ते आईच्या हाती दिलं. रिक्षा निघाली तेव्हा हरिहरने जगनच्या फोटोला हार बदलत जा, एवढंच सांगितलं. तो दर पंधरा दिवसांनी हार आणायचा हे दर्शनाला माहीत होतं. इतकी वर्षं ते काम आपल्या अंगावर नव्हतं, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

जुलैच्या तीनशे दप्तरांसाठी शीळफाट्याकडून एक कारागीर मिळाला. मराठी होता, माणूस चांगला होता, पण आजवर त्याने पडदे आणि गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवली होती. बुडाच्या कोपऱ्यावर त्याच्या सुया मोडायच्या. सुई मोडायची भीती बसली तसा तो टाका लांब घ्यायला लागला. दर्शना शेजारी उभी राहून चाक हाताने फिरवायला सांगायची, पण सांगण्यात आणि करून दाखवण्यात फरक होता, आणि करून दाखवणं तिच्या हातात नव्हतं. माल वेळेवर गेला. ऑगस्ट संपायच्या आत तक्रारी यायला लागल्या. विश्वस्तांनी फोनवर आवाज चढवला नाही. आम्ही केवढ्या अभिमानाने तुम्हाला पुढे केलं होतं, एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षीचं त्यांनी काही काढलं नाही. फेसबुकवरच्या ग्रुपचा अभिमान तोवर दुसरीकडे वळला होता, तिथे आता कुणाच्यातरी घरगुती मोदकांची चर्चा चालू होती.

सप्टेंबरच्या एका सकाळी मीराबाई नावाची एक म्हातारी गाळ्याचा पत्ता विचारत आली. तिच्या दोन्ही हातांत एकेक दप्तर होतं. तिचे दोन नातू त्याच शाळेत शिकत होते. मोठ्याला जूनमध्ये दप्तर मिळालं होतं, धाकट्याला उशिरा प्रवेश मिळाला म्हणून जुलैमधलं. धाकट्याच्या दप्तराचं बुड फाटून डबा रस्त्यात पडला होता.

कारागीर त्या दिवशी आला नव्हता. अलीकडे तो आठवड्यातून तीनच दिवस यायचा, त्याहून जास्त काम नव्हतं. मीराबाई स्टुलावर बसली आणि दोन्ही दप्तरं तिने टेबलावर ठेवली.

"ही बघा मोठ्याची बॅग. रोज आपटतो, वर बसतो, तरी टाका हलला नाय. ही तुमच्या हातची, बरोबर? आणि ही दुसऱ्या कोणाकडनं करून घेतली तुम्ही. मला शिकवू नका, मी पण पोटासाठी गोधड्या शिवल्यात. हात वेगळा आहे."

"वेगळाच आहे," दर्शना म्हणाली.

"मग माझ्या पोराची तुम्ही स्वतः शिवून द्या."

दर्शनाने जूनचं दप्तर हातात घेतलं. पट्ट्याला बांधलेली चिठ्ठी केव्हाच निघून गेली होती, दोऱ्याचा तुकडा तेवढा राहिला होता. तिने बुडाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"ही मी नाही शिवली, मावशी. हरिहरभाऊंनी शिवली. सहाशेच्या सहाशे त्यांनीच शिवलेल्या."

आपण काहीतरी फार मोठं सांगितलं असं तिला वाटलं. ती म्हातारीच्या तोंडाकडे बघत राहिली. मीराबाईला त्यात विशेष काही दिसलं नाही.

"हां, मग त्यांना द्या ना शिवायला. कधी येतात ते?"

"ते नाही येत आता. गेले."

"गावी गेले का? कुठले होते?"

दर्शनाने फाटलेलं दप्तर उलटं केलं, आतले पेन्सिलीचे तुकडे, चिंचेचा एक चिचोका आणि बिस्किटाचा चुरा कागदावर झाडून काढला.

"इथलेच होते," ती म्हणाली.

मग ती मशीनवरचं कापड काढून बसली. मीराबाई म्हणाली की तिला घाई नाही, धाकटा साडेबाराला सुटतो. दर्शनाने ब्लेड घेतलं आणि बुडाचे लांब लांब टाके एकेक करून उसवायला सुरुवात केली.